ऋणमोचन : मोर्णा, पूर्णा आणि गीतेतलं फिरतं चक्र

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १० ते १६



काल आपण नवव्या श्लोकापर्यंत आलो होतो. यज्ञासाठी केलेलं कर्म बांधत नाही, बाकीचं सगळं बांधतं, असं भगवंत तिथे सांगतात. मग साहजिक प्रश्न येतो, की यज्ञ म्हणजे काय? आजचे सात श्लोक त्याचं उत्तर देतात. एकेक करून घेतले तर त्यांची साखळी तुटते, म्हणून आज सातही एकत्र घेतोय. पोथी किंवा मोबाईलवरची गीता जवळ असेल तर आधी मूळ श्लोक एकदा शांतपणे वाचा आणि मग पुढे या.

भावार्थ

प्रजापतीने प्रजा निर्माण केली तेव्हाच सोबत यज्ञही दिला आणि सांगितलं, की याच्याच आधाराने वाढा, हीच तुमची कामधेनू. तुम्ही देवांना तृप्त करा, देव तुम्हाला तृप्त करतील, आणि एकमेकांना सांभाळत दोघांचंही कल्याण होईल. देवांनी दिलेलं जो नुसतं भोगतो आणि परत काहीच देत नाही, त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. यज्ञ करून उरलेलं जे खातात ते दोषातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःपुरतं रांधतात ते पापच खातात.

मग ती प्रसिद्ध साखळी येते. प्राणी अन्नातून होतात, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून, यज्ञ कर्मातून, कर्म वेदातून आणि वेद त्या अक्षर परमात्म्यातून. आणि सोळाव्या श्लोकात निष्कर्ष : हे चक्र असं फिरत ठेवलेलं आहे. जो ते पुढे फिरवायला हात लावत नाही, इंद्रियांच्या सुखातच रमतो, त्याचं जगणं वाया गेलं.

अर्जुन काही नास्तिक नाही. तो भक्त आहे, सखा आहे. तरीही त्याच्यासमोर बोलताना भगवंत 'चोर' हा शब्द मवाळ करत नाहीत. म्हणजे हा शब्द देव न मानणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला नाही. रोज पूजा करणारा, एकादशी धरणारा, नामस्मरण करणारा माणूसही घेतलेलं परत करत नसेल तर या शब्दाच्या कक्षेत येतो. आपल्यासारख्यांनी हे जरा थांबून ऐकायला पाहिजे.

यज्ञ म्हणजे नेमकं काय?

यज्ञ म्हटलं की डोळ्यांसमोर होमकुंड येतं. पण आपल्या मराठी परंपरेत या श्लोकांचा अर्थ तेवढ्यावर थांबलेला नाही. ज्ञानेश्वर माऊली याच ठिकाणी यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावतात. आपल्या वाट्याला आलेलं कर्तव्य रोज करणं, हाच रोजचा यज्ञ. त्याला वेगळं कुंड नको आणि मुहूर्तही नको.

विनोबांनी हे आणखी स्पष्ट केलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरवून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबा एक सोपी मांडणी करतात. माणूस जन्माला येतो तेव्हा तीन गोष्टी सोबत मिळतात : शरीर, समाज आणि सृष्टी. तिन्ही आपण वापरतो, आणि वापरलं की झीज होते. सृष्टीची झीज भरून काढणं म्हणजे यज्ञ, समाजाचं ऋण फेडणं म्हणजे दान, आणि शरीराची झीज भरून काढणं म्हणजे तप. जमिनीतून पीक घेतलं तर तिला खत द्यायचं, विहिरीतून पाणी घेतलं तर ती स्वच्छ ठेवायची.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर ही साधी लूप आहे. इनपुट येतं, आउटपुट जातं, आणि आउटपुट पुन्हा कुणाचं तरी इनपुट होतं. मधे एकाने जरी कचरा पुढे ढकलला तरी पूर्ण सिस्टीम हळूहळू बसते. सर्व्हर एका दिवसात बसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

आता ही लूप आपल्या वऱ्हाडात, अगदी आपल्या मोरीपासून पुढे कशी जाते ते बघू.

मोर्णेचा शनिवार

अकोल्याच्या मधून मोर्णा वाहते. एका वेळी ती नदी आहे हे सांगावं लागावं अशी तिची अवस्था झाली होती. जलकुंभीचा हिरवा गालिचा, खाली काळं पाणी, वर डास.

१३ जानेवारी २०१८ हा शनिवार होता. त्या दिवशी सकाळी अकोल्याचे सहा हजारांहून जास्त लोक मोर्णेच्या काठावर आले. शंभराहून जास्त संस्था, शाळा-कॉलेजातली मुलं, बाया, म्हातारी माणसं, अधिकारी. चार किलोमीटरच्या पट्ट्यात, दोन्ही काठांवर मिळून चौदा ठिकाणी काम झालं. पुढच्या शनिवारी, २० जानेवारीला, लोक परत आले. नदी साफ होईपर्यंत दर शनिवारी यायचं, असं ठरलं होतं. २८ जानेवारीच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या मोहिमेचा उल्लेख केला आणि अकोल्याचं नाव देशभर गेलं.

थंडीच्या सकाळी घाण पाण्यात उतरून जलकुंभी ओढणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. ओली जलकुंभी जड असते, कारण तिच्यात बहुतेक पाणीच असतं. हात भरून येतात आणि वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही. हे काम ज्यांनी केलं त्यांना मनापासून नमस्कार. मी तर याला यज्ञच म्हणेन, कारण घेतलेलं परत करण्यासाठी त्यांनी स्वतःचा वेळ आणि कष्ट दिले.

तरीही जलकुंभी परत येते. मोर्णेत आलीच. असं का होतं हे समजून घेतलं तर आजचे सात श्लोक आपोआप उलगडतात.

जलकुंभी परत का येते?

ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. अनुकूल हवा-पाणी मिळालं तर दोन आठवड्यांत ती दुप्पट होऊ शकते. तिचं बी तळाच्या गाळात कितीतरी वर्षं जिवंत राहतं. पण बी असलं तरी वाढायला खाऊ लागतो, आणि तो खाऊ म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस. ते कुठून येतात? आपल्या संडासातून, मोरीतून, कपडे-भांडी धुतलेल्या पाण्यातून, नालीत सडलेल्या अन्नातून.

म्हणजे जलकुंभी हा रोग नाही, तो रिपोर्ट आहे. शहर पाण्यात काय सोडतंय ते ती वर हिरव्या अक्षरांत लिहून दाखवते. रिपोर्ट फाडून टाकला तर ताप उतरत नाही.

थोडा हिशेब करू. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं, असं आपल्याकडचं मानक आहे. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. चार जणांचं घर धरलं तर ५४० लिटर आत आणि सुमारे ४३० लिटर बाहेर. रोज.

तुम्ही म्हणाल, अकोल्यात नळ रोज येतोच कुठे? बरोबर. म्हणून आपण अर्धंच धरू. २०११ च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या वर होती. माणशी फक्त ५४ लिटर सांडपाणी धरलं तरी दिवसाला जवळपास सव्वादोन कोटी लिटर होतं. दहा हजार लिटरचा एक टँकर, असे दोन हजारांहून जास्त टँकर, दर दिवसाला. यातलं काही सेप्टिक टँकमध्ये जातं, काही शुद्धीकरणाकडे जातं, आणि जे उरतं ते नालीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत.

आता त्या शनिवारचा विचार करा. ज्या सहा हजार लोकांनी सकाळी नदीतून जलकुंभी काढली, त्यांनी दुपारी घरी जाऊन आंघोळ केली असणार, चिखलाचे कपडे धुतले असणार. ते पाणी कुठे गेलं? त्यात त्यांचा दोष नाही. पाणी पुढे कुठे जातं हे कुणी कधी आपल्याला दाखवलंच नाही. पण गणित असं आहे, की नदीला आपण आठवड्यातले दोन तास देत होतो आणि तिच्याकडे चोवीस तास घाण पाठवत होतो. दोन तासांनी चोवीस तासांचा हिशेब जुळत नाही.

भगवंतांनी यासाठी 'चक्र' हा शब्द वापरला आहे. ढकलून सोडून दिलं तर चाक थांबतं, ते फिरतं ठेवायला रोज हात लागतो. मोहीम हा चाकाला दिलेला एक मोठा धक्का होता, आणि तो लागतोच. पण रोजचा हात घरातून लागायला हवा.

आपलं पाणी कुणाच्या दारात जातं?

अकोला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी पितो. काटेपूर्णा पुढे पूर्णा नदीला मिळते. शहराने वापरून सोडलेलं पाणी मोर्णेत जातं, आणि मोर्णाही अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेलाच मिळते. म्हणजे एका उपनदीतून घेऊन दुसऱ्या उपनदीतून आपण पाणी त्याच पूर्णामाईला परत करतो. देणं-घेणं चालूच आहे. प्रश्न एवढाच, की कसं घेतलं आणि कसं परत केलं.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचं, बोअरचं पाणी खारट लागतं. तिथल्या माणसाला जमिनीखालच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून दूरच्या धरणांतून पाइपने पाणी आणणाऱ्या ८४ खेडी योजनेसारख्या योजना कराव्या लागल्या. ज्याच्या विहिरीला आधीच गोडं पाणी नाही, त्याच्या शेजारून वाहणारी नदीही आपण शहरवाल्यांनी खराब करून पाठवायची, हा साधा अन्याय आहे.

पूर्णा पुढे पश्चिमेला जाते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव या गावी तापीला मिळते. चांगदेव हे नाव वाचून वारकरी माणूस क्षणभर थांबतोच. तोच परिसर मुक्ताईचा. आषाढीला मुक्ताईची पालखी तिथूनच पंढरीला निघते. अकोल्याच्या नालीतून निघालेला थेंब मोर्णेतून, पूर्णेतून त्या संगमावर पोचतो. आपण तिथे दर्शनाला जाऊन संगमाचं पाणी डोळ्यांना लावतो, आणि त्याच पाण्यात वरून आपणच काय मिसळलंय ते विसरतो. त्याच्या खाली हतनूरचं धरण आहे, म्हणजे पुन्हा कुणाचं तरी पिण्याचं पाणी, कुणाचं तरी शेत. आपलं आउटपुट त्यांचं इनपुट.

पुण्यात नोकरी करणारे आपले बरेच वाचक आहेत. त्यांना वाटेल, हे वऱ्हाडाचं झालं, आपण सुटलो. तर ऐका. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते आणि उजनीच्या खाली पंढरपूर आहे. चंद्रभागा म्हणजे भीमाच. देहू-आळंदीची इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच मिळते. हिंजवडीत, खराडीत, वाकडला फ्लॅटमध्ये जे आपण सिंकमध्ये सोडतो त्याचा रस्ता पंढरीकडे जातो. वारीत आपण चालत जातो, आपलं सांडपाणी आपल्या आधी पोचलेलं असतं.

ऋणमोचन आणि एक खराटा

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौषात तिथे यात्रा भरते. नावातच श्रद्धा आहे, की इथे आलं म्हणजे ऋण सुटतं.

या ऋणमोचनाशी एका माणसाचं नातं आहे. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला परीट कुटुंबात जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाकडे गेलं. १ फेब्रुवारी १९०५ ला त्याने घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका हातात गाडगं, एका हातात खराटा. लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. १९०८ च्या सुमारास बाबांनी लोकांच्या मदतीने ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला.

विचार करा, ज्या तीर्थाचं नाव ऋणमोचन, तिथे या माणसाने स्वतःसाठी पुण्य मागितलं नाही. येणाऱ्या लोकांना नदीत नीट उतरता यावं याची सोय केली. ऋण असं फेडतात, हे त्यांनी न बोलता दाखवलं.

पुढची पन्नास वर्षं त्यांचा क्रम जवळपास तोच राहिला. गावात शिरायचं, दिवसा खराटा घेऊन रस्ते आणि नाल्या साफ करायच्या, रात्री कीर्तन करायचं. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदीसारख्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला. ही पेढीही पुढे पूर्णेलाच मिळते. आज अमरावतीत त्यांची समाधी आहे, तिथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाबा आधी झाडायचे, मग बोलायचे. पुढे एकविसाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, की श्रेष्ठ माणूस जसं वागतो तसं बाकीचे वागतात. तो श्लोक उद्या-परवा येईलच. बाबांनी त्याच्यावर प्रवचन न देता खराटा उचलला.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही आपल्याच जिल्ह्यातले, यावलीचे. त्यांनी गुरुकुंज मोझरीहून सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई एकत्र जोडली. १९५५ ची त्यांची 'ग्रामगीता' वाचली तर कळतं, की त्यांना गाव हेच देवाचं रूप वाटत होतं. पहाटे प्रार्थना आणि मग गावसफाई, यात त्यांना दोन वेगळी कामं दिसत नव्हती. वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला 'भक्ती वेगळी आणि सफाई वेगळी' असं म्हणायची सोयच या दोघांनी ठेवलेली नाही.

दोन शंका

पहिली शंका कायम येते. "आपल्याले काय करा लागते? महापालिका काय करून राहिली? टॅक्स तर भरतो ना आपण!"

शंका खोटी नाही. मलवाहिनी टाकणं, शुद्धीकरण केंद्र बांधणं आणि ते चालू ठेवणं हे महापालिकेचंच काम आहे. ते मी-तुम्ही बादली घेऊन करू शकत नाही. पण केंद्र बांधलं तरी घराचं कनेक्शन त्या लाइनला जोडलं पाहिजे. लाइनमध्ये सॅनिटरी पॅड, प्लास्टिक आणि तळणीचं तेल गेलं तर ती तुंबते आणि पाणी पुन्हा नालीतूनच वाहतं. आणि काम होत नसेल तर विचारणं, लेखी विचारणं, पुन्हा विचारणं हेही नागरिकाचंच काम. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात मूलभूत कर्तव्यं आली. कलम ५१ अ (छ) नुसार वनं, सरोवरं, नद्या आणि वन्यजीव यांच्यासह निसर्गाचं रक्षण करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे. माऊलींच्या भाषेत हा आपला स्वधर्म झाला. महापालिकेचा स्वधर्म वेगळा, आपला वेगळा, आणि एकाने सोडला म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही.

दुसरी शंका जास्त भक्तिमार्गी आहे. "हे जग नश्वर आहे. नाम घ्यावं आणि सुटावं. नदी-नाल्यांत कशाला अडकायचं?"

याचं उत्तर याच अध्यायात आधी येऊन गेलं. पाचव्या श्लोकात भगवंत म्हणतात, की क्षणभरही कुणी कर्माशिवाय राहत नाही. म्हणजे नाम घेत बसलेला माणूसही श्वास घेतो, पाणी पितो, जेवतो, आणि त्याच्या घरून सांडपाणी जातंच. घेणं थांबलेलं नसताना देणं मात्र थांबवायचं, याला वैराग्य म्हणत नाहीत. बाराव्या श्लोकात त्याला जे नाव दिलंय ते आपण वर वाचलंच.

या आठवड्याचं आचरण

नेहमीप्रमाणे चिंतन वहीत ठेवून चालणार नाही. तीन गोष्टी देतो. सगळ्या एकदम घेऊ नका, एक घ्या आणि टिकवा.

पहिली : आपल्या पाण्याचा रस्ता शोधा. मोरीचं पाणी कुठल्या नालीत, ती कुठल्या नाल्यात, तो कुठल्या नदीत जातो? मोबाईलवरच्या नकाशात शोधा, आणि जमलं तर एका सकाळी चालत जाऊन बघा. अपार्टमेंट असेल तर सेक्रेटरीला विचारा, की आपला सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला आणि उपसलेलं कुठे टाकलं? टँक साधारण दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. तो भरून वाहत असेल तर नुसता नावाला टँक आहे. ही चौकशी म्हणजे कटकट नव्हे, सोळाव्या श्लोकाचा अभ्यास आहे.

दुसरी : देवघरापासून सुरुवात करा. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत सोडणं आजच बंद. फुलं सोडून घ्या, दोरा आणि पिशवी बाजूला काढा, फुलं एका कुंडीत माती आणि वाळल्या पानांसोबत घाला. दोन-तीन महिन्यांत खत होतं, आणि त्याच खतावर तुळस वाढते. देवाला वाहिलेलं फूल मातीत जाऊन पुन्हा देवाच्या तुळशीला येतं, हे चक्र घरातच डोळ्यांनी दिसतं. मग हाच नियम स्वयंपाकघराला लावा. ओला-सुका कचरा वेगळा करून देणं २०१६ च्या नियमांपासून बंधनकारक आहे. घंटागाडीवाल्या दादाला मिसळलेला कचरा देणं म्हणजे आपलं काम त्याच्या हातांवर टाकणं. आणि तळलेलं तेल सिंकमध्ये नाही, कपड्यांना पावडर गरजेपुरतीच.

तिसरी : पावसाचं ऋण मोजा. चौदाव्या श्लोकात पाऊस आहेच. एक हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस दर चौरस मीटरला एक लिटर देतो. हंगामात ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर तुमच्या गच्चीवर जवळपास ६५ हजार लिटर पाणी पडतं. वीस टक्के वाया गेलं धरलं तरी ५२ हजार उरतं. चार जणांच्या घराचं हे तीन महिन्यांचं पाणी आहे. आज ते पाइपमधून रस्त्यावर जातं. गाळण लावून ते टाकीत किंवा शोषखड्ड्यात वळवा. गावी घर असेल, आणि तेही खारपाणपट्ट्यात, तर हे सगळ्यात आधी करा. आई-बाबांना सणाला मोबाईल देतो, यंदा गच्चीचं पाणी वळवून द्या.

यातली जी गोष्ट घ्याल ती एकट्याने करू नका. शेजारचं एक घर सोबत घ्या. अकोल्यात शनिवारी सहा हजार लोक जमले ते कुणीतरी कुणाला तरी "चल" म्हटलं म्हणूनच. नदीकाठी पुन्हा मोहीम निघाली तर जरूर जा. फक्त काढलेली जलकुंभी काठावरच सडू देऊ नका, नाहीतर पहिल्याच पावसात तिचं सगळं परत पाण्यात जातं. ती दूर नेऊन खत करायची, हे तिथे आवर्जून सांगा.

मनन

आज झोपण्याआधी पाच मिनिटं बसा आणि दिवसभरात किती ठिकाणांहून घेतलं ते आठवा. सकाळचा नळ, चहातलं दूध, डब्यातली भाजी, एसीची हवा, संध्याकाळची आंघोळ. प्रत्येक गोष्टीसमोर एकच प्रश्न ठेवा : मी हे परत कसं केलं? उत्तर सापडलं नाही तर स्वतःला शिव्या देत बसू नका, त्यानेही नदी साफ होत नाही. उद्या सकाळी त्यातली एक गोष्ट उचला.

प्रार्थना एवढीच : हे पांडुरंगा, तुझ्याकडून आलेलं पाणी तुझ्याकडे परत जाताना आमच्या हातून मळू नये. मळलंच, तर ते धुण्याचं बळ आणि लाज दोन्ही आम्हाला दे.

उद्याचं वाचन : अध्याय ३, श्लोक १७ ते २०. जनकराजाची गोष्ट आणि 'लोकसंग्रह' हा शब्द. आपल्या नालीचा नकाशा ज्यांना सापडेल त्यांनी तो उद्याच्या वाचनाला सोबत ठेवा, कामी येईल.

राम कृष्ण हरी!